आंब्यांखालच्या शेवया

खोकं आंब्यांचं होतं याबद्दल कुणालाच शंका नव्हती. वरच्या थरात गिमारास बेटावरचे पिवळेजर्द आंबे होते, त्यांचा वास फाटकापासून होस्टेलच्या जिन्यापर्यंत पोचला होता आणि जंतुनाशक फवारता फवारता पहारेकऱ्यानं मास्कच्या आत आवंढा गिळला होता. पण बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू काढायची, पुसायची आणि मगच आत सोडायची, असा नियम होता. त्यानं आंबे एकेक करून टेबलावर मांडले आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं उलगडलं.

"सिस्टर," तो आवाज खाली घेऊन म्हणाला, "हे तुमच्याच घरून आलंय ना?"

पुडक्यात तांदळाच्या शेवया होत्या. बारीक, पांढऱ्या, हातभर लांब. खाडी ओलांडून आल्या तरी एकही मोडली नव्हती.

आर्लिननं घाईघाईनं पुडकं गुंडाळायला घेतलं, पण मागे जेम्मा उभी होती. जेम्मा तिची खोलीतली सोबतीण, वयानं बरीच धाकटी, तिला मनांग म्हणजे ताई म्हणणारी, आणि तिच्या डोळ्यांतून काही सुटलंय असं कधी झालं नव्हतं.

"मनांग आर्लिन," ती दोन पावलं मागे सरकली. "त्या पान्सितच्या शेवया आहेत."

"असतील."

"असतील काय? आहेत. आणि तू त्या हातात धरून हॉस्पिटलच्या दारात उभी आहेस."

दुपारचं खाणं व्हायच्या आत ही बातमी होस्टेलच्या सगळ्या मजल्यांवर पोचली होती.

इलोइलो शहरातल्या त्या हॉस्पिटलात, आणि खरं सांगायचं तर आसपासच्या कुठल्याही हॉस्पिटलात, ड्यूटीवर असताना पान्सित, म्हणजे भाज्या घालून परतलेल्या शेवया, कुणी खात नाही. खाल्लं की पेशंटची रांग लागते, शेवयांसारखीच न संपणारी. हे कुठं लिहिलेलं नाही, कुणी शिकवतही नाही, पण नवी नर्स सलाईन लावायला शिकायच्या आधी हे शिकते. त्याचं जुळं भावंड म्हणावं असा आणखी एक नियम आहे: शांत दिवसाला शांत म्हणायचं नाही. म्हटलं की पुढच्या घटकेत दाराशी रुग्णवाहिका उभी.

एरवी यात अडचण नव्हती. ड्यूटी संपली की माणूस घरी जाऊन कढईभर खायला मोकळा. पण टाळेबंदी लागली तशी सगळ्यांना हॉस्पिटलाला चिकटून असलेल्या नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलात आणून ठेवलं होतं. घरी जायचं नाही, घरच्यांना भेटायचं नाही. वॉर्डातून खोलीत आणि खोलीतून वॉर्डात. म्हणजे ड्यूटी संपतच नव्हती, आणि ती संपत नव्हती तोवर बंदीही उठत नव्हती.

संध्याकाळी आर्लिन गच्चीवर गेली. तिथून गिमारास दिसायचं, खाडीपलीकडे, इतकं जवळ की हवा स्वच्छ असली तर धक्क्यावरचे दिवे ओळखू यायचे. तिचे बाबा, इस्को, आयुष्यभर उलांडीच्या मोटारहोडीनं माणसं या काठावरून त्या काठावर नेत राहिले. आता माणसांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या, मालाच्या तेवढ्या चालू होत्या. आंब्यांना खाडी ओलांडता येत होती, मुलीला येत नव्हती.

बाबा टाळेबंदीच्या सुरुवातीलाच गेले. दुपारी होडीला रंग देत होते आणि ब्रश हातातच राहिला. दफन आर्लिननं फोनवर पाहिलं. फोन चुलतभावाच्या हातात होता, आणि तो रडत असल्यामुळे तिला बराच वेळ त्याच्या चपलाच दिसल्या. त्याबद्दल ती कुणाशी फारसं बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी होती, ती तिनं केली.

घरी फोनवर बोलायचं काम बाबांचं होतं. आई चुलीपाशी बसून मागून ओरडायची, "तिला विचारा, जेवली का." बाबा विचारायचे, मग उत्तर पुन्हा मोठ्यानं सांगायचे, घर एवढंसं असताना. फोन पाण्याच्या रांजणाला टेकवून ठेवायचे, म्हणजे लेकीला सगळं घर दिसेल. आता तो फोन आईच्या हातात आला होता आणि त्याचं काय करायचं ते तिला उमगत नव्हतं. व्हिडिओ लावला तरी ती तो कानालाच लावायची. आर्लिनला रोज दिसायचा तो आईचा कान, त्यातली मोत्याची कुडी आणि एक पांढरी बट.

"जेवलीस का?" कानानं विचारलं.

"जेवले. तू?"

"हो. बरं, ठेवते."

रोजचं एवढंच. पण आज आर्लिननं तिला थांबवलं. "आई, शेवया कशाला पाठवल्यास?"

"रविवारी माझा वाढदिवस नाही का. दरवर्षी येतेस, बसून खातेस. यंदा नाही येणार, म्हणून अर्ध्या तुला पाठवल्या, अर्ध्या इथं आहेत. तू तिथं खा, मी इथं खाईन."

"आणि मी नाही खाल्ल्या तर?"

पलीकडून कोंबड्याचा आवाज आला.

"एकटीसाठी कुणी पान्सित करतं का, इंदाय?" ती म्हणाली. लेकीला ती लाडानं इंदायच म्हणायची. "बरं, ठेवते."

लगोलग आर्लिननं चुलतभावाला फोन लावला. तो शेजारीच राहायचा. आधी त्यानं इकडचं तिकडचं सांगितलं, मग म्हणाला, "काकी चूल पेटवत नाही गं. केळी खाते. मी भात नेऊन देतो तो कोंबड्यांना घालते. तुला सांगू नको म्हणाली होती."

खोलीत जेम्मानं उपाय तयारच ठेवला होता. "कच्ची पपई किसायची, बारीक, लांब. ताटात घेऊन बसायचं. तुझ्या आईला काय दिसणारे? तिचा तर नुसता कानच असतो समोर."

उपाय वाईट नव्हता. पण वाढदिवसाच्या शेवया म्हणजे ज्याचा वाढदिवस त्याचं आयुष्य. ते मोडायचं नाही, कापायचं नाही, आणि त्याच्या जागी पपई तर नाहीच नाही. बाबांच्या वाढदिवसाला यंदा आर्लिनला सुट्टी मिळाली नव्हती. याचा त्यांच्या जाण्याशी काही संबंध नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तरी पपई किसायला तिचा हात धजला नसता.

"आईच्या आयुष्याशी खोटं नको," ती म्हणाली.

"आणि त्या खऱ्याचं ओझं आमच्या पाठीवर चालेल?" जेम्मा म्हणाली. पण तिचा आवाज मऊ होता.

रात्रीच्या जेवणाआधी मेट्रन सोकोरो मॅमनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, ज्यानं त्यानं आपापल्या दारात स्टूल टाकून बसायचं. संसर्गाच्या नियमात बसणारी सभा तेवढीच.

"प्रश्न सोपा आहे," मॅम म्हणाल्या. "आपण आत्ता ड्यूटीवर आहोत की नाही?"

"गेल्या आठवड्यात जादा सुट्टी मागितली तेव्हा ऑफिसनं सांगितलं, होस्टेलात तुम्ही आरामच करता," जेम्मा म्हणाली. "म्हणजे नाही."

"मग ऑफिसच्या हिशेबानं पान्सित चालेल," कुणीतरी म्हणालं.

"पेशंट काय ऑफिसला विचारून येतात?" मनांग लुडिंग म्हणाल्या. त्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराच्या मालकीणच म्हणायच्या. "माझ्या आधीच्या बाईनं एकदा केलं होतं, फिएस्टाच्या, गावजत्रेच्या दिवशी. संध्याकाळी बस उलटली. माझ्या स्वयंपाकघरात ती कढई चढणार नाही, सांगून ठेवते."

सगळ्यांनी डॉक रेनाटोकडे पाहिलं. ते वयानं तरुण, मनिलाहून शिकून आलेले, आणि अशा वेळी काहीतरी शहाणपणाचं बोलतील अशी सगळ्यांना धास्ती असायची.

"याला कसलाही पुरावा नाही," डॉक म्हणाले. "मनिलात आम्ही यावर हसायचो."

"हसायचात. पण खायचात का?"

"नाही," डॉक म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "रविवारी अपघात विभागात कुणाची पाळी आहे?"

"तुमचीच."

"मग सोमवारी करता येणार नाही का?"

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत आर्लिन गप्प होती. बाबा गेल्यापासून ती अशा बैठकांत गप्पच असायची. लोक तिला बोलायला लावत नसत, आणि त्याबद्दल ती त्यांची ऋणी होती. आता मात्र ती स्टुलावरून उठली.

"आई चूल पेटवत नाहीये," ती म्हणाली. "मी खाल्लं तरच खाणार म्हणते. बाकी काही नाही." आणि पुन्हा बसली.

खालच्या रस्त्यावरून एक कुत्रं सावकाश गेलं.

"कधीपासून?" मनांग लुडिंगनी विचारलं.

"बाबा गेल्यापासून."

लुडिंगनी पदर नव्हता म्हणून ॲप्रनच्या टोकानं नाक पुसलं. "गच्ची," त्या म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात येत नाही."

मॅमनी निकाल दिला. गच्चीवर करायचं. युनिफॉर्म घालून नाही. हॉस्पिटलाकडे पाठ करून. खाणार ती फक्त आर्लिन, आणि तीही एकच घास. बाकीच्यांनी वासही घ्यायचा नाही.

"मास्क आहेतच," जेम्मा म्हणाली.

रविवारी दुपार कलल्यावर मनांग लुडिंग घरचा फुलाफुलांचा झगा घालून, छोटी शेगडी घेऊन गच्चीवर आल्या. हॉस्पिटलाकडे पाठ केली की तोंड आपोआप बेटाकडे व्हायचं. त्यांनी लसूण परतला, सुका जवळा टाकला, कोबी, गाजर, फरसबी. आर्लिननं फोन लावून विटेला टेकवून ठेवला. पडद्यावर कान आला.

"आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. कढई ठेवलीय."

"कोण करतंय? तुला तर येत नाही."

"आमच्या मनांग लुडिंग."

"सोया सॉस कधी घातला?"

"आत्ता घालतेय," लुडिंग म्हणाल्या.

"आत्ता?" कान पडद्यावरून किंचित हलला. "भाजी शिजायच्या आधी? मग शेवया काळ्या पडतील, बाई. आधी पाणी. जवळा भिजवलेलं पाणी टाकलं असेल ना फेकून?"

लुडिंगनी पळी हातात तशीच धरली. त्यांच्या कढईबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता. "मी हॉस्पिटलभर माणसांचं जेवण करते," त्या म्हणाल्या.

"आजारी माणसांचं," आई म्हणाली. "ती कशाला तक्रार करतील."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आर्लिननं वळून पाहिलं तर जिन्याच्या तोंडाशी जेम्मा होती, तिच्यामागे मॅम, त्यांच्यामागे एकेक पायरी सोडून निम्मं होस्टेल. वास खाली गेला होता. मास्क काही कामाचे नव्हते.

लुडिंग आणि आई यांचं मग जुंपलंच. शेवया भिजवायच्या की नाहीत, लिंबं वर पिळायची की बाजूला ठेवायची, कोबी केवढा चिरायचा. आई बोलत होती. बाबा गेल्यापासून आर्लिननं ऐकली नव्हती एवढी वाक्यं एका दमात, तीही परक्या बाईशी. मध्येच तिकडूनही चर्र आवाज आला. आर्लिननं तो ओळखला. तेलात लसूण पडला होता.

"आई, तू पण केलंस?"

"मग काय तुम्ही बिघडवताय ते नुसतं ऐकत बसू?"

दोन्हीकडच्या कढया उतरल्यावर आर्लिननं घास घेतला. एक शेवई हनुवटीपर्यंत लोंबत राहिली, ती तिनं न तोडता ओढून घेतली. फोनमधून, कानाच्या अगदी जवळून, तसाच सुर्र आवाज आला. ती थोडा वेळ बेटाकडे बघत राहिली, चावत राहिली.

"उरलेलं काय करायचं?" लुडिंगनी विचारलं.

यावर कुणी निकाल दिला नाही. जो तो आपली थाळी घेऊन आला, अंतर राखून बसला आणि कढई पुसली गेली. सोकोरो मॅमनी दोनदा घेतलं. अपघात विभागातून एक माणूस खालून ओरडून विचारून गेला, डॉकसाठी थोडं ठेवलंय का.

सोमवारी पहाटेच सुरुवात झाली. आधी एक बाळंतीण आली, तिच्यामागोमाग तिची जाऊ, तीही कळा देत. मग नारळावरून पडलेला एक, झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला बांधलेलं पातं मांडीत गेलेला एक, कच्च्या कैऱ्या खाऊन पोट धरलेली एका घरची सगळी पोरं, आणि घरच्या घरी दाढ उपटायला गेलेले एक मास्तर. कोविडचे होतेच. डॉक रेनाटोंनी दुपारी पीपीई किटच्या आतून आर्लिनकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यापुढच्या काचेवर वाफ धरली होती.

"पुरावा नाही ना, डॉक?" जेम्मानं विचारलं.

"कामं करा," डॉक म्हणाले.

संध्याकाळी आर्लिन आईला सांगणार नव्हती. ती "सगळं ठीक" म्हणत असतानाच बाजूच्या खाटेवरून जेम्मानं पाय चोळत हाक दिली, "काकू, तुमच्या शेवयांनी मारलं आम्हाला. माणसं संपतच नव्हती."

"म्हणजे?" आईनं विचारलं.

मग सांगावंच लागलं. आई ऐकत राहिली. शेवटी "बरं, ठेवते" सुद्धा न म्हणता तिनं फोन ठेवला. आर्लिननं जेम्माकडे पाहिलं. जेम्मानं उशी तोंडावर ओढून घेतली.

त्या रात्री आर्लिनला नीट झोप लागली नाही. चूल एकदा पेटली होती. आता पुन्हा विझणार, आणि या खेपेला तिच्याच खोलीतून फुंकर गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. पडद्यावर घरचं नाव. काहीतरी वाईट घडलंय म्हणून चुलतभावानं लावला असणार, असं तिला आधी वाटलं. आईनं आजवर स्वतः होऊन फोन कधी लावला नव्हता. तिला तो लावता येत नाही, असाच सगळ्यांचा समज होता.

"आज किती आले?" कानानं विचारलं.

"काय?"

"पेशंट. शेवया माझ्या होत्या ना. मग भोगणार कोण, तुम्ही? मी काल प्रार्थनेची माळ घेऊन बसले होते, पण कुणासाठी म्हणायची तेच ठाऊक नाही. नीट सांग. एकेक सांग."

आर्लिननं एकेक सांगितलं. नावं सांगता येत नव्हती, म्हणून नुसत्या तक्रारी. आई मध्ये मध्ये विचारत होती. दोघी जावांना काय झालं, मुलगा की मुलगी. कोंबडा जिंकला का. मास्तरांची दाढ निघाली की अर्धी आतच राहिली. आर्लिनला आठवलं, बाबा तिला असंच विचारायचे आणि मग घरात मोठ्यानं सांगायचे. आई तेव्हा चुलीपाशी सगळं ऐकत असणार.

"जेवलीस का, आई?"

"एवढ्या लोकांसाठी माळ ओढायची तर उपाशी कशी ओढू?" आई चिडून म्हणाली. "भात केलाय. वांगं भाजलंय."

मग ते रोजचंच झालं. दुपार कलली की फोन यायचा. वॉर्डात कुणी मोकळं असलं तर तेही बोलायचं. लुडिंगना तर दिवसाआड वांग्याबद्दल काहीतरी विचारायचंच असायचं. मॅमनी आपल्या गुडघ्याचं नाव परस्पर माळेत घालून घेतलं. डॉकनी एकदा आर्लिनच्या खांद्यावरून वाकून विचारलं, "काकू, कोविडच्या खाटांसाठी वेगळी म्हणता की एकत्र?" आणि आईनं सांगितलं, "वेगळी. पण तुम्ही हात धूत राहा."

आणि मग एक दिवस असा आला की सकाळपासून कुणी आलं नाही. खाटांवरचे पेशंट बरे होते, दोघं घरी गेले होते. दारातली रुग्णवाहिका उन्हात उभी होती आणि तिच्या सावलीत मांजर झोपलं होतं. सगळे हळू आवाजात बोलत होते, एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते, आणि तो शब्द कुणीही तोंडातून काढत नव्हतं.

दुपार कलली. फोन वाजला.

"आज किती आले?"

आर्लिन गच्चीवर होती, जेम्मा कपडे वाळत घालत होती. जेम्माचा हात दोरीवरच थांबला. खरं सांगावं तर तो शब्द येतो, आणि मग संध्याकाळी जे काय होईल ते होईल. शिवाय खरं सांगितलं की आईचं काम संपलं. माळ खुंटीला, फोन कोनाड्यात, चूल कुणास ठाऊक. आणि खोटं सांगायचं म्हणजे आईला नसलेल्या आजाऱ्यांसाठी गुडघे टेकायला लावायचं. पपईच ती.

"आज..." ती म्हणाली आणि तिथंच अडली.

आई वाट बघत राहिली. मग तिचा आवाज बदलला.

"थांब," ती म्हणाली. "बोलू नकोस. कळलं मला."

"काय कळलं?"

"तुझे बाबा होडी काढताना पाण्याबद्दल कधी चांगलं बोलायचे का? पाणी कितीही निवांत असू दे. मी विचारलं, आज कसंय, तर म्हणायचे, बघू, परत आलो की सांगतो." ती किंचित हसली. "तूही बघू म्हण."

"बघू," आर्लिन म्हणाली.

"बरं," आई म्हणाली. आर्लिन पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिली. पण पडद्यावरचा कान हलला, केसांची बट गेली, छप्पर गरकन फिरलं, काहीतरी खडखडलं, आणि फोन कशाला तरी टेकून स्थिर झाला. रांजणाला. समोर सगळं घर होतं. खुंटीवर बाबांची टोपी, चुलीवर पातेलं, आणि पातेल्याशी वाकलेली आई, काळ्या कपड्यांत, थोडी बारीक झालेली. तिनं मान वळवून थेट फोनकडे पाहिलं.

"तुला दिसतंय का?" तिनं घर दणाणेल एवढ्या मोठ्यानं विचारलं.

"दिसतंय."

"मी आता वाढून घेणारे. ठेवू नकोस. त्या मास्तरांच्या दाढेचं काय झालं ते तू सांगितलंच नाहीस."

जेम्मानं शेवटचा झगा दोरीवर टाकला आणि विटेवर येऊन बसली. आर्लिननं मास्तरांच्या दाढेपासून सुरुवात केली. पलीकडे आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं.